अण्णांना अर्धं चालत नाही

सोलापूरच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही मनगटापर्यंत बटणं लावून घालणारा माणूस एक तर वकील असतो किंवा वेडा. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मल्लिनाथ अण्णा वकील नाहीत.

"अण्णा, निदान उन्हाळ्यात तरी हाफ शर्ट घाला," असं मी एकदा म्हणालो. मी त्यांना उघडं फिरायला सांगितलंय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्धं ब्याडा, सर." ब्याडा म्हणजे कानडीत नको. अण्णांच्या घरात कानडी, दारात मराठी आणि रागात दोन्ही.

अर्धं त्यांना कशातच चालत नाही. अर्धा कप चहा ते परत पाठवतात. घरात एकटा जीव, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. तरी कलिंगड अख्खंच आणतात आणि मग फोडी वाटत सगळा जिना चढतात-उतरतात. एकदा एसटीत कंडक्टरनं नातवाला अर्धं तिकीट दिलं, तर "पोरगं अर्धं हाय का?" म्हणून पूर्ण तिकिटासाठी भांडले. जास्त पैसे देण्यासाठी एसटीत झालेलं हे बहुधा एकमेव भांडण असावं.

जुळे सोलापुरातली आमची सगळी कॉलनी त्यांना हसते. मीही हसायचो. मग कळलं की हा माणूस एके काळी निम्म्या-निम्म्याचाच कारागीर होता.

दक्षिणेकडच्या एका छोट्या गावच्या नगरपंचायतीत अण्णा नगरसेवक होते. नाव सांगत नाही, तशी गावं आपल्याकडे पैशाला पासरी. मधून ओढा. अलीकडे बाजार, स्टँड, दवाखाना. पलीकडे नुसती वस्ती. सभागृहातही तीच फाळणी, दोन्हीकडे सारखेच मेंबर. निधी मात्र आला एका कामापुरता. पलीकडच्यांना ओढ्यावर उंच पूल हवा, अलीकडच्यांना वेशीवर स्वागत कमान. सभा तहकूब होत राहिल्या, माइक तुटले, खुर्च्या उडाल्या. शेवटी अण्णांनी तोडगा काढला. निम्मा निधी पुलाला, निम्मा कमानीला. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि दोन्ही बाजूंनी अण्णांना हार घातले.

कमान इतकी उंच झाली, की खालून अंबारीसकट हत्ती जावा. पूल इतका बुटका झाला, की वरून पाणी जावं. हत्ती काही अजून गावात आलेला नाही. पाणी दर वर्षी येतं.

अण्णांची थोरली बहीण नागक्का ओढ्यापलीकडेच दिलेली. एका पावसाळ्यात, संध्याकाळी दाजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत कळा यायला लागल्या. सकाळी नेऊ, पूल आहे की, असं घरचे म्हणाले. सकाळी टेम्पोत घालून आणलं तर पूल पाण्याखाली. अलीकडच्या दवाखान्याची पाटी तिथून वाचता येत होती. पाणी उतरलं तेव्हा दवाखान्याची गरज उरली नव्हती.

त्या दिवसापासून नागक्का भावाशी एक शब्द बोललेली नाही. अण्णांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही, गाव सोडलं आणि सोलापुरात आले. अजूनही महिन्यातून एकदा ते गावी जातात, पूल उंच करा एवढंच नव्या मेंबरांना सांगायला. कमानीखालून मात्र जात नाहीत. वेशीच्या आधीच एसटीतून उतरतात आणि शेताच्या बांधानं, चिखल तुडवत, वळसा घालून गावात शिरतात.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा निधी आला. सभागृह पुन्हा निम्मं-निम्मं. दोन्ही गटांचे पुढारी एकाच गाडीतून अण्णांकडे आले. एरवी हे दोघं लग्नात एका पंगतीला बसत नाहीत. अण्णांनी मलाही बोलावून घेतलं.

"अण्णा, निम्म्यात बाजाराचे गाळे बांधू, निम्म्यात पूल दोन हात वर घेऊ," अलीकडचा म्हणाला. "तुमी व्हय म्हनला की पलीकडचे मेंबर ऐकत्यात."

"दोन हातानं पानी थांबतंय का?"

"थांबत न्हाय, पर उद्घाटन तर हुतंय की!"

तो हे गमतीनं बोलला नव्हता. पलीकडचाही मान डोलावत होता.

"पुरा पूल, न्हायतर ब्याडा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोघांनाही काठोकाठ भरलेला चहा पाजून वाटेला लावलं.

मार्च उलटला, निधी परत गेला. गाळे नाहीत आणि पूलही नाही. पलीकडची माणसं अण्णांना फोनवरून शिव्या घालू लागली. मीही भडकलो. "अण्णा, हट्टापायी मिळत होतं तेही घालवलंत. काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं!"

"सर, थोड्या पुलावर मानूस भरवसा ठिवतोय की," ते म्हणाले. "पूलच नसता तर दाजीला आदल्या दिशीच अलीकडं आनून ठिवलं असतं. पूल हाय म्हनून समदी निवांत झोपली."

अण्णांचं खरं की त्या शिव्या खऱ्या, हे मला आजही ठरवता येत नाही. ते एका गाडीतले दोघं मात्र मजेत आहेत, पुढच्या निधीची वाट बघताहेत. याचा मला मनापासून संताप येतो.

परवा संध्याकाळी दक्षिणेला आभाळ काळं झालं होतं. मी अण्णांची वाटी परत द्यायला गेलो, तर ते कानाला फोन लावून बसलेले. बोलत काहीच नव्हते. मला खुणेनं बसवलं. फोनमधून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

"कोण आहे?" मी हळूच विचारलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "नागक्का. बोलत न्हाय माझ्याशी. पर आभाळ आलं की मी फोन लावतो. ती उचलती, अन् ओढ्याकडं धरती. आवाजावरनं कळतंय, पानी पुलावर आलं का न्हाय ते."

"आणि आलं तर?"

"हितनं काय करनार, सर? ऐकायचं."

बराच वेळ ते ऐकत राहिले. "उतराय लागलं," असं पुटपुटले. मग फोनवरचा हात काढून, धाकट्या भावाच्या दबक्या आवाजात म्हणाले, "अक्का, ऊटा आतेनु?" जेवलीस का, एवढंच.

पलीकडून उत्तर आलं नाही. फोनही कटला नाही. अण्णा तो कानाला धरून तसेच बसून राहिले.