ऑसिलेटरांचं जमलं

मिरजेच्या प्रमिलाबाई आवटींचा जुना सिंथेसायझर बेसूर होत होता, कारण त्यातले स्वर काढणारे दोन ऑसिलेटर, वरचा तो आणि खालची ती, एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनी मिळून एकच स्वर काढायचा, अशी त्या यंत्राची रचना. पण वरच्याने सा धरला की खालची हळूहळू घसरत निषादाकडे निघून जायची.

बाईंनी नेहमीचे उपाय करून पाहिले. यंत्र चांगलं तापू दिलं, वीज मोजली, सूर जुळवायचे बारीक स्क्रू पुसून फिरवले. फरक शून्य. बाई ज्या ऑर्केस्ट्रात वाजवत, त्याचे गायक इनामदार वैतागले.

"रविवारी कार्यक्रम आहे, बाई. तोवर जुळलं नाही तर भाड्याचा कीबोर्ड आणतो. हे धूड द्या भंगारात."

बाई लग्नाआधीपासून त्याच यंत्रावर वाजवत होत्या. त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले सलीमभाई सतारमेकर आले. झाकण उघडून त्यांनी कान लावला.

"वरचा मूळचा दिसतोय. खालची कुठली?"

"जुना जळाला, तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातली आणली."

"आणि तशीच बसवली? परक्या घरची पोर, बाई! ओळख नाही, बोलणं नाही, एकदम एका पेटीत. ती सूर काय धरणार?"

बाई ओशाळल्या. खरंच, आपण तिला साधं 'ये' म्हटलं नव्हतं.

बघण्याचा कार्यक्रम शुक्रवारी ठरला. मुलीकडून सलीमभाई, मुलाकडून इनामदार. बाईंनी पोहे केले. इनामदार आले ते तोंड पाडून, पण पोहे संपेपर्यंत रंगात आले.

"मुलीला काय काय येतं?"

"आवाजाची करवती लहर, चौकोनी लहर. त्रिकोणी शिकतेय."

"स्वभाव?"

"उन्हाळ्यात जरा तापट. पंख्याखाली निवते."

"पंखा आहे आमच्याकडे," इनामदार ताठपणे म्हणाले.

"मुलाला काही व्यसन?"

बाईंनी खोटं बोलायचं टाळलं. "वीज असेपर्यंत गुणगुणतो."

"तेवढं चालतं," सलीमभाई म्हणाले.

मग 'सा'ची पट्टी दाबून ठेवली आणि दोघांना बोलायला खोलीत एकटं सोडून सगळे ओसरीवर बसले. आतून आधी वां-वां-वां असा भांडल्यासारखा आवाज आला. तो सावकाश झाला, आणखी सावकाश झाला, आणि थांबला. एकच सरळ सा उरला. बाईंनी पदराने डोळे टिपले. इनामदारांनी खात्री करायला तंबोरा छेडून पाहिला, तर तंबोराच उतरलेला निघाला.

रविवारचा कार्यक्रम छान झाला. भाड्याच्या कीबोर्डाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे थंडीत एका सकाळी यंत्रातून तिसरा, बारीक, तार सप्तकातला सूर येऊ लागला. सलीमभाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि अलगद बंद केलं.

"बिघाड आहे?" बाईंनी विचारलं.

"छे. दोघांची तब्येत छान आहे."

बाईंनी यंत्रावर मऊ दुपटं पांघरलं, आणि त्या आठवड्याच्या तालमी इनामदारांच्या घरी हलवल्या.