वैशाखात स्वेटर घालणारा नथ्थूभाऊ

बल्लारपुरात वैशाखात स्वेटर घालणारा माणूस एकच, नथ्थूभाऊ. गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. आमच्याकडे त्या दिवसांत दाराच्या लोखंडी कडीला हात लावला तर माणूस कडीला शिव्या देतो. आणि हा हिरवा लोकरीचा स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून बंद गाडीत बसतो. उघड्या अंगाला पंख्याचा वाराही गार लागतो, त्या अंगाची साक्ष काय कामाची, असं त्याचं म्हणणं. "स्वेटरवाल्याले बरं वाटलं, तरच एसी पास."

एकदा एका गाडीत तो चक्कर येऊन पडला. लोकांनी बाहेर काढून पाणी मारलं. डोळे उघडल्यावर पहिलं बोलला, "नापास."

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं लाकडाचा ट्रक चालवला. ट्रकात एसी म्हणजे काच खाली करायची. म्हातारपणी बायकोसाठी जुनी कार घेतली, तिच्यातून गरम हवा यायला लागली तेव्हा मला काही समजेना. एरवी अशा येड्याकडे गेलो नसतो. पण बायको पौषात गेली. अक्षयतृतीयेला तिचं पहिलं पान वाढायचं होतं. तिच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं आहे, मोठी बहीण सिंधूबाई, आलापल्लीला. ती दम्याची. फोनवर म्हणाली, "भाऊजी, गाडी गार असन तरच येतो. नाई तर माह्यं बी पान तिच्या बाजूले वाढून टाका."

पानापाशी तिच्या रक्ताचं कोणी नसेल तर ते पान कशाला वाढायचं? चार दिवस होते हातात.

नथ्थूभाऊ आधी बॉनेट उघडत नाही. आधी स्टूल घेतो आणि मालकाला तपासतो. "गाडी खोटं नाई बोलत, मालक बोलते," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

"कधीपासून गरम?"

"आठ दिवस."

"त्याच्या आंदी?"

"झाकून होती."

"काऊन झाकून?"

"बायको मेली म्हणून."

लोक असं ऐकलं की तोंड पाडतात. हा म्हणाला, "बाई कुठी बसे?"

"समोर. टपावर बसवत होतो का मी तिले?"

"मांगं बी बसते लोकं. दवाखान्यात नेत होते?"

"हप्त्यातून दोनदा. चंद्रपूरले, रक्त धुवाले."

"हूं." स्वेटर घातला, आत गेला, एका मिनिटात बाहेर आला. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "रोग मोठा हाये. तीन दिवस लागन. तुम्हाले रोज याव लागन, मालकाबिगर गाडी बुजते."

पहिल्या दिवशी त्याने गाडीच्या तोंडापुढची जाळी धुतली. काळं पाणी निघालं, कोळशाचं. "अर्धी खाण घेऊन फिरत होते तुम्ही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दाढीचा ब्रश आणला, साबणाचा फेस केला आणि नळ्यांच्या जोडांना लावत बसला.

"गाडीची दाढी करून राह्यला का?"

"गॅस निघत असन तर फुगा येते."

दोघं तास-दीड तास वाकून फुग्याची वाट पाहत होतो. आला नाही. मग त्याने दोन नळ्या दोन हातांत धरल्या आणि वैद्यासारखे डोळे मिटले.

"एक गार, एक गरम. नाडी बरोबर हाये."

"मंग हवा काऊन गरम?"

"नाडी बरोबर असून बी माणसं मरते, भाऊ."

असल्या माणसाशी काय बोलणार? मी त्याच्या डब्यातली भाकर खाल्ली आणि घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी त्याने मला चहा आणायला पाठवलं. परत आलो तर हा कमरेपर्यंत इंजिनात, हातात रबरी पाइपाचा तुकडा. विचारलं तर म्हणे, "चाय थंडी होऊन राह्यली." दुपारी परीक्षा. मी गाडी चालवायची, हा स्वेटर घालून बाजूला बसणार आणि हवेच्या झरोक्यापुढे कुल्फी धरणार. रेल्वे फाटकापर्यंत थेंब पडला तर नापास.

आमच्या नशिबानं फाटक बंद. कोळशाची मालगाडी, डबे सरता सरेनात. दोन म्हातारे एका कुल्फीकडे पाहत बसले होते. मागचा मोटारसायकलवाला काचेतून पाहून गेला आणि त्याने दुसऱ्याला बोलावून दाखवलं. पण थेंब पडला नाही. हवा अशी गार की माझे दात वाजले. "पास," नथ्थूभाऊ म्हणाला, आणि पेपर खाऊन टाकला.

सिंधूबाईला आणायला गेलो. येताना आष्टी ओलांडली तशी ती कुडकुडायला लागली. "भाऊजी, कमी करा थोडं," म्हणत तिने समोरच्या गोल बटणाला हात घातला. बटणावर दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी आडवी लावलेली.

"हे कायची पट्टी?"

"तिची. हात नका लावू."

रक्त धुतल्यावर तिला फार थंडी वाजायची. यंदाच्या हिवाळ्यात एकदा तिने स्वतःच्या हातावरची सुई लावायची पट्टी काढली आणि त्या बटणावर चिकटवली, मी फिरवू नये म्हणून. तेव्हापासून ते तसंच होतं.

सिंधूबाईने चष्मा लावून पाहिलं. "हे तर लालवर हाये. माह्या नातवाच्या गाडीत लाल म्हणजे गरम. मंग इथी गार कसं येऊन राह्यलं?"

मी गाडी बाजूला घेतली. चाळीस वर्षांचा ड्रायव्हर मी. मला वाटायचं, एसी लावला की गरमचं खातं आपोआप बंद होतं. म्हणजे रोग हाच होता. आणि बटण अजून तिथंच होतं, तरी हवा गार.

अक्षयतृतीयेला पान वाढलं. सिंधूबाई पानापाशी बसून मनसोक्त रडली, मग जेवली. दुपारी मी पुरणपोळी घेऊन नथ्थूभाऊकडे गेलो आणि सरळ विचारलं.

"पहिल्याच मिनटाले दिसलं," तो म्हणाला. "निळ्यावर फिरवलं का काम खतम."

"मंग फिरवलं काऊन नाई?"

"पट्टी निघाली असती."

इंजिनाचं गरम पाणी ज्या पाइपानं आत येऊन गाडीतली हवा तापवतं, तो त्याने बाहेरच्या बाहेर वळवला होता. बटण आता कुठेही असो, हवा गारच येणार.

"हे तर घंट्याभराचं काम. तीन दिवस काऊन बसवलं मले?"

"घरी जाऊन काय करणार होते तुम्ही?" तो म्हणाला. "मी बी घरी जाऊन काय करणार होतो?"

त्याने पोळी संपवली, हात पुसले आणि दुसऱ्या एका गाडीखाली शिरला. तिथूनच बोलला, "थंडी पडली का गाडी आणजा, भाऊ. गरम पाणी परत जोडून देतो."

"कोणासाठी?"

त्याने खालून हात काढला आणि पाना आत ओढून घेतला.

"बाईनं लालवर ठेवलं हाये ना," तो म्हणाला.