तांब्याभर पाणी आणि चार टायर

दत्तराव मामा कुणाच्याही गाडीत बसले की त्यांच्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या असायचा. पितळी, बुडाशी चेपलेला, वर झाकण नाही. माझ्या गाडीत पहिल्यांदा तसे बसले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला तहान लागत असेल. म्हटलं, "मामा, बाटली आहे ना गाडीत." तर म्हणाले, "पेयाला न्हाई. तुमी चालवा." हट्ट्यापासून वसमतपर्यंत त्यांनी ना खिडकीबाहेर पाहिलं, ना माझ्याकडं. पाण्याकडं टक लावून बसून राहिले. उतरताना तांब्याच्या काठापासून आत आडवी बोटं लावली आणि निकाल दिला, "दोन बोटं सांडलं. मेडिकल, तुमचे टायर काय खास न्हाईत." ती दोन बोटं माझ्या सीटवर सांडली होती, त्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

मेडिकल म्हणजे मी. हट्ट्यात माझं औषधाचं दुकान आहे आणि मामांचं घर दुकानाला लागून. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. त्यांना माझं नाव माहीत असावं अशी मला आशा आहे.

मामांच्या घरी आजा-पणजापासून शेळ्या-मेंढरं, सोबत थोडी शेती. मेंढरं आता पुतण्याकडं गेली. मामांकडं राहिल्या सहा शेळ्या, एक जुनी पांढरी चारचाकी आणि मामी. "ह्याच क्रमानं," असं मामी स्वतःच सांगतात. घरात येणारी कुठलीही वस्तू मामा बाजारातल्या बकरीसारखी तपासून घेतात. उलटी करतात, थोपटतात, वास घेतात. माझ्याकडून खोकल्याचं औषध नेलं तरी बाटली आडवी धरून तिच्या बुडाकडं दोन मिनिटं बघतात. काय बघतात ते मी विचारत नाही, कारण विचारलं तर सांगतील आणि मागे गिऱ्हाईक उभं असतं.

टायरचा विषय निघाला तो मामींच्या पाठीवरून. मामींचं माहेर पुसेगावचं, सेनगाव तालुक्यातलं. तीन वर्षांपूर्वी तिकडून परत येताना मामांची गाडी एका खड्ड्यात आपटली आणि मागच्या सीटवर बसलेल्या मामींची पाठ धरली. दोन महिने अंथरुणात गेले. कमरेचा पट्टा माझ्याच दुकानातून गेला, मलमं तर अजून जातात. तेव्हापासून मामी गाडीत बसल्या नाहीत, आणि माहेरीही गेल्या नाहीत. आता त्यांच्या धाकट्या भावानं पुसेगावात नवं घर बांधलं. दीड महिन्यावर वास्तुशांत. डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही, फक्त दणका बसता कामा नये. मामी म्हणाल्या, "मी न्हाई येत. तुमी जाऊन आहेर देऊन या." एवढं बोलून त्या चुलीकडं वळल्या आणि बराच वेळ उगाच एकच भांडं घासत राहिल्या, असं मामांनीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडीपुढं उकिडवे बसले होते. चारही टायर मधोमध गुळगुळीत झाले होते. मामांनी तिथूनच घरात आवाज दिला, "टायर बदलतो. असे आनतो की गाडी चालू हाय का उभी, तुला कळनार न्हाई."

आता दणका कोणत्या टायरला कमी बसतो, हे कळणार कसं? पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं, याला साडेचार तारे, त्याला चार. मामांनी विचारलं, "तारे कोन देऊन राहिलं? त्यांच्या बायकूची पाठ दुखती का?" पुतण्यानं मोबाईल खिशात घातला. मग मामांनी तांब्या काढला. "आपुन काहून वाद घालायचा? पाण्याला इचारू."

पुढचे काही आठवडे मामा गावातल्या प्रत्येक गाडीत बसले. आता, सकाळच्या वेळी हातात भरला तांब्या घेऊन निघालेल्या माणसाकडं गाव कोणत्या नजरेनं बघतं हे मी सांगायला नको. दोनदा तर ग्रामसेवकानं त्यांना अडवून घरच्या संडासाची चौकशी केली. मामांनी शांतपणे सांगितलं, "संडास हाय. टायर न्हाईत." ग्रामसेवक अजूनही त्या उत्तरावर विचार करत असेल.

सरपंचांच्या उंच, नव्या गाडीत चार बोटं सांडलं. मामांनी हे पारावर जाहीर केलं. सरपंच आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या दुकानात आले, डोकेदुखीची गोळी घेतली आणि इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "ते दोन बोटंवालं टायर कोणतं होतं म्हणे?" मी छाती पुढं काढून माझ्या गाडीकडं बोट दाखवलं. दुधाच्या टेम्पोत तांब्या निम्मा झाला, पण त्यात दूधवाल्याचा दोष जास्त, असा मामांनी शेरा मारला.

खरी गंमत झाली एका लग्नात. नवरदेवाच्या गाडीचे टायर नवे होते, म्हणून मामा ओळख काढून त्याच्या शेजारी जाऊन बसले. मांडीवर तांब्या. नवरदेवाच्या आत्याला वाटलं हा कलश. तिनं पाच विड्याची पानं खोचली, हळदकुंकू लावलं आणि वर नारळ ठेवला. नारळ बसताच दोन वाट्या पाणी नवरदेवाच्या पायजम्यावर. मामा कळवळून म्हणाले, "बाई, मोजमाप गेलं की माझं." आत्यानं हात जोडले आणि मामांच्याही कपाळाला कुंकू लावलं. पूर्ण वरात मामा तो कलश धरून बसले, आणि लग्नाच्या फोटोत नवरीच्या वडिलांपेक्षा जास्त वेळा आले. ही हकीकत मी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. तापाच्या माणसालाही.

वास्तुशांत चार दिवसांवर आली आणि मामा मला घेऊन वारंगा फाट्याला निघाले. वसमत जवळ असताना इतक्या लांब कशाला, तर वारंग्याला ट्रक थांबतात. ट्रकवाल्यांशी खोटं बोलून कुठला टायरवाला टिकणार, असं मामांचं गणित. तिथल्या रफिकभाईंनी एक टायर काढून पुढं ठेवला.

"मामा, हे बघा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही मोसमाला एकच. आन परफॉर्मन्स बी. शंभरच्या वर गेली तरी रस्ता सोडत न्हाई."

"मी चाळीसच्या वर जात न्हाई. वीसला काय करते ते सांगा."

रफिकभाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी टायर थोपटला. "वीसला बी सोडत न्हाई."

"आन उन्हाळा म्हंजी कोनता? हट्ट्याचा का कंपनीचा?"

"मामा, उन्हाळा तो उन्हाळा."

"तसं कसं? कंपनीनं आमचं काळं रान बघितलं का? चैतात भेगा पडत्यात, पाय जातो आत. श्रावनात तेच रान बूट काढून घेतं. हे एकच टायर दोन्हीला पुरंल?"

"पुरंल. तकलीफ न्हाई होनार, बराबर चालंल."

"मंग जल्म दाखवा."

टायरच्या अंगावर तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला त्याचे चार आकडे असतात, हे मामांना कुठून कळलं कोण जाणे, पण कळल्यापासून ते खूश होते. मेंढराचे दात बघावेत तसे त्यांनी टायर फिरवून फिरवून आकडे शोधले. पहिला टायर दोन वर्षांचा निघाला. "दुकानात बसून बसून म्हातारं झालं हे." दुसरा निघाला पाच महिन्यांचा. मामांनी अंगठा दाबला, नक्षीत बोट घातलं, वास घेतला. "हे कवळं हाय. ह्याच कळपातले चार द्या."

रफिकभाईंनी जुने टायर काढले, एक उभा करून त्याच्याकडं बघत राहिले. मग दुसऱ्यात हवा मोजली आणि मोजायचं यंत्रच बिघडलं असं समजून दुसरं यंत्र आणलं.

"मामा, हवा कुठं भरता?"

"घरीच. पंप हाय ना माझ्याकडं."

"किती भरता?"

"टम्म."

जनावराचं पोट भरलेलं असलं की ते नीट चालतं, या हिशोबानं मामा दर आठवड्याला गाडीचं पोट भरत होते. हवेचा आकडा गाडीच्या दाराशी चिकटवलेला असतो. मामांना ती कंपनीची जाहिरात वाटायची.

"म्हून तर मधीच घासलेत," रफिकभाई म्हणाले. "कडा बघा, नव्यासारख्या. इतकी हवा असली की टायर दगड होतो मामा. खड्ड्याचा दणका थेट सीटला."

मामा टायरकडं बघत होते. "तीन वर्सापूर्वी बी एवढीच असंल?"

"तुमीच भरता ना?"

मामांनी जुन्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. नवे टायर बसले, हवा आकड्याप्रमाणं भरली, हायवेवर तांब्या घेऊन एक चक्कर झाली. अर्धं बोट. एवढ्या दिवसांतला सगळ्यात चांगला निकाल, पण मामांनी तो जाहीर केला नाही. परतीच्या वाटेवर वसमतच्या अलीकडं म्हणाले, "म्हंजी टायरचा दोष नव्हता."

"मामा, खड्डा मोठा होता."

"खड्डा सगळ्यांलाच असतो. हवा म्या भरली व्हती." आणि थोड्या वेळानं, "हे तिला सांगू नका, मेडिकल."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि तापाच्या माणसाला लग्नाची हकीकत सांगून हसवणारा मी, मला माझीही थोडी लाज वाटली.

पुसेगावला मला सोबत घेतलं ते "मेडिकल संगं असू द्या" म्हणून. खिशात दुखऱ्या पाठीचा फवारा घेऊन मी पुढं बसलो. मामींना किती विनवावं लागलं ते मला माहीत नाही, पण त्या मागे बसल्या, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना उशा. मामांनी तांब्या काठोकाठ भरून त्यांच्या मांडीवर दिला.

"लोक माहेरी आहेर घिऊन जात्यात," मामी म्हणाल्या. "मी पानी घिऊन चालले."

"आहेर डिकीत हाय. तू पाण्याकडं बघ."

मामा वीसनं चालले. जवळा बाजारच्या पुढं एक सायकलवाला बरोबरीनं आला, गाडी बिघडली का म्हणून विचारलं, ख्यालीखुशालीची चौकशी केली आणि पुढं निघून गेला. औंढ्याला एक मेंढरांचा कळप आडवा आला, तर मामांनी गाडी बंद करून कळपवाल्याला नमस्कार घातला. हिंगोली गेलं. मामा सारखे विचारत, "सांडलं का?" मामी म्हणत, "न्हाई." आणि खरंच सांडलं नव्हतं. मामांची मान इतकी ताठ होती की मागे वळून बघायची त्यांची हिंमत नसावी.

पुसेगाव दोन किलोमीटरवर राहिलं आणि रस्त्यात पाइपासाठी खोदलेला चर आला. वरून माती लोटली होती, ती बसली होती. मामांनी ब्रेक दाबला, तरी आधी पुढची चाकं उतरली, मग मागची. वरच्या आरशात मला दिसलं. पाणी उसळून मामींच्या मांडीवर सांडलं, चांगलं तीन बोटं. मामींनी ओठ दाबून डोळे मिटले, आणि उघडले.

"सांडलं का?" मामांनी मागे न बघता विचारलं.

"न्हाई," मामी म्हणाल्या. "चला."

पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढून त्यांनी तांब्या परत काठापर्यंत भरला. मग आरशात त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. मी रस्त्याकडं बघायला लागलो.

भावाच्या दारात सगळं घर जमलं होतं. मामांनी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. आधी मागचं दार उघडलं, तांब्यात आडवं बोट लावलं. बोटाच्या वर पाणी. "काठोकाठ," ते म्हणाले. मग त्यांना मामींचं लुगडं दिसलं, गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजारी उशीवर अर्धी झालेली बाटली. सरपंचांच्या गाडीतलं अर्धं बोटसुद्धा न सोडणारा हा माणूस. आता काय बोलतो म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहिलो.

"दुखलं का?" मामांनी विचारलं.

"इतकं न्हाई."

मामांनी तांब्या उचलून तोंडाला लावला आणि निम्मा पिऊन टाकला. उरलेला मामींना दिला. त्यांनीही तो संपवला. आता मोजायला काही शिल्लक नव्हतं. आमच्या बोरचं ते पाणी, तोंडात धरवत नाही इतकं मचूळ. मामांनी मिशा पुसल्या, मामींना उतरायला हात दिला आणि म्हणाले, "गोड हाय."