जिना निरोप, तिलेच

धनराजआप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की समजायचं, टेबलापाशी कुणीतरी बाई आपल्या गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी बघते आहे. आमच्या सुरतेतल्या बमरोलीच्या लॅबमध्ये आप्पा तंत्रज्ञ आणि मी काउंटरवर. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर दिवस गेले. रेघ उमटायच्या आतच आप्पा पाठ फिरवायचे. आधी ती बघणार, मग हे नोंद करणार. लॅबचे डॉक्टर डोक्याला हात लावायचे.

आप्पांचं म्हणणं साधं होतं. दुसरी रेघ उमटते ती एचसीजी नावाच्या हार्मोनमुळे, आणि या हार्मोनचे दोन भाग. अल्फा इतर हार्मोनांतही सापडतो. बीटा मात्र याचा एकट्याचा, आणि त्याची जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर, आमच्या चाळीत खान्देशी राहतात तशी शेजारीशेजारी. हे सांगताना ते आपल्या अमळनेरबद्दल बोलल्यासारखे फुलायचे. "आनि हे हार्मोन आई नही, पोरगं बनावस. वार तयार व्हवाले लागनी का मायले धाडस, मी उनू म्हनीसन. मग मझार आपुन कोन? जिना निरोप, तिलेच." म्हणजे, वार तयार होऊ लागली की मी आलो असा निरोप बाळच आईला धाडतं; मग मधे आपण कोण?

एकदा पलसाण्याचे कापडाच्या डाइंग मिलवाले शेठ सुनेला घेऊन आले आणि तिच्याआधी टेबलाशी गेले. आप्पांनी पट्टीवर वाटी पालथी घातली.

"अरे, हूं एनो ससरो छूं!" शेठ कडाडले.

"सेठ, बच्चे की अभी आपसे पहचान नहीं हुई।"

शेठ बाहेर बाकावर जाऊन बसले. सून आत मनसोक्त हसली. नोकरी आता गेलीच असं मला वाटत होतं आणि आप्पा भिंतीला सांगत होते, "सावकाश देख, बेन." असा माणूस माझ्या शेजारी काम करतो याचा मला भारी अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी आप्पांच्या मागून सुलूवहिनी आल्या, त्यांची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. वहिनी याआधीही आल्या होत्या. दर वेळी एकच रेघ बघून, पदर सारखा करून घरी गेल्या होत्या.

आप्पांनी पट्टीवर थेंब टाकले आणि ते भिंतीकडे वळले. मी म्हटलं, "आप्पा, आज तरी बघा की." त्यांनी मान हलवली. बाहेर यंत्रमागांची खटखट चालू होती. एरवी ते थोड्या वेळाने विचारायचे, "देखी लिधं का, ताई?" आज ते भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिले. मानेवरून घाम ओघळत होता.

वहिनींनी किती तरी वेळ पट्टी निरखली. मग उठून त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"आवो, तोंड फिरावा आते. आजना निरोप दोन्हीसले शे."

आप्पा वळले. वहिनींनी दोन रेघांची पट्टी पुढे धरली होती, पण ते बघत राहिले वहिनींकडेच.