पाचव्या हिश्शाची घासाघीस

सिग्नलला शहाण्यासारख्या उभ्या असलेल्या गीह्वानच्या गाडीला मागून संत्र्यांच्या ट्रकनं धडक दिली. ट्रकवाल्यानं जागच्या जागी चूक कबूल केली, कमरेत वाकून माफी मागितली, विमा कंपनीला फोन लावला आणि वर एक पेटी संत्री दिली. सगळं इतकं सुरळीत झालं की गीह्वानला अपघाताचं फारसं वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, गाडी दुरुस्त होऊन आल्यावर, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे.

गाडी विकणं भागच होतं. त्याच्या बायकोला, सोल्बीला, जुळं होणार होतं. बाळांच्या दोन खुर्च्या मागच्या सीटवर ठेवून पाहिल्या, तर मधे सोल्बी मावेना. मोठी गाडी ठरवली होती आणि जुनीचे पैसे तिच्यात घालायचे होते. व्यापारी गाडीभोवती फिरला, मागचं दार दोनदा उघडून लावलं आणि काम झकास झालंय म्हणाला. पण अपघाताची नोंद झालेली गाडी ती, भाव पडणारच. किती पडणार ते त्यानं सांगितलं, आणि गीह्वानला पाण्याचा घोट घ्यावा लागला.

धडक ट्रकवाल्याची, तर पडलेल्या भावाची भरपाईही त्याच्या विमा कंपनीनं करावी, असा गीह्वानचा हिशेब होता. कंपनीतल्या बाईनं तो फोनवर शांतपणे ऐकून घेतला. भरपाई मिळते, ती म्हणाली, पण गाडी फार जुनी नसावी आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असावा. गाडी वयाच्या अटीत बसतेय, बिल मात्र किंचित कमी पडतंय.

घरी आल्यावर तो सोल्बीला म्हणाला, "मागची अख्खी बाजू बदलली. बिल इतकं कमी आलंच कसं?"

सोल्बी सोलत असलेल्या संत्र्याकडे बघत राहिली. "त्या दिवशी तुला सुट्टी नव्हती. गाडी आणायला आई गेली होती."

गीह्वानला उलगडा झाला. त्याच्या सासूबाईंचं, गुमसूनबाईंचं, गुन्सान शहरातल्या बाजारात लोणच्या-चटण्यांचं दुकान होतं. दुसऱ्यानं सांगितलेला आकडा तसाच मान्य करणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. गॅरेजवाल्या प्योमालकांनी त्यांना सांगून पाहिलं होतं की पैसे विमा कंपनी देणार आहे, तुमच्या खिशातून दमडी जात नाही. "कुणाच्याही खिशातले असोत, पैसे ते पैसेच," असं म्हणून सासूबाईंनी तासभर ठाण मांडलं होतं. शेवटी मागच्या दाराचं रंगकाम प्योमालकांनी बिलातून उडवलं आणि वरची भेट म्हणून ते फुकट दिलं. सासूबाईंनीही दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुळ्याच्या किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याचा, डबा पाठवून व्यवहार पक्का केला होता.

कंपनीतल्या बाईला हे सगळं सांगताना गीह्वानला लाज वाटली, पण ती भली होती. काम खरोखर झालेलं असेल, तर गॅरेजनं मूळ आकड्याचं सुधारित बिल पाठवावं, ती म्हणाली. तो आकडा पाचव्या हिश्शाच्या वर जातो, अगदी दोन कप कॉफीच्या पैशांइतका, पण जातो. सुधारित बिल मात्र एकदाच चालेल. आकडा पुन्हा हलला तर वरिष्ठांना संशय येईल आणि प्रकरण बंद होईल.

गीह्वान धावतपळत गॅरेजमध्ये गेला. प्योमालक गाडीखालून बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि पुन्हा गाडीखाली जाऊ लागले. दिलेली सूट परत मागितली तर बाजारात तोंड कसं दाखवायचं, असा त्यांचा सवाल होता. शिवाय किमची खाऊन झाली होती. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात पर्सिमनची फळं भरून तो परतही गेला होता. आता ज्या बाईंनी घासाघीस केली त्यांनी स्वतः येऊन ती मागे घ्यावी, तरच काही करता येईल.

हे ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ मुळा चिरत राहिल्या. जन्मात कधी किंमत वाढवून मागितली नव्हती. पण प्रश्न नातवंडांचा होता. दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं जाकीट घालून त्या जावयाबरोबर गॅरेजमध्ये गेल्या.

"मालक, त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले," त्यांनी सुरुवात केली. "रंगकाम आरशासारखं आहे. त्याचे पैसे घ्या."

"कसले पैसे? उन्हात बघा, फरक कळतो. तुम्हीच म्हणाला होतात."

"माझी नजर अधू झालीय."

"अधू कसली? तुम्हाला दाराच्या आतला ओघळसुद्धा दिसला होता."

एकीकडून सासूबाई भाव चढवत होत्या आणि दुसरीकडून प्योमालक स्वतःच्याच कामाला नावं ठेवत होते. गीह्वान टायरांच्या ढिगावर बसून हात चोळत होता. शेवटी सासूबाईंनी सोल्बीचं नाव काढलं. दोन लेकरांना मांडीवर घेऊन माझी पोर कुठे बसेल, एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज खरंच कापला. प्योमालकांना तीन मुली होत्या. त्यांनी हात पुसले, संगणकासमोर बसले आणि रंगकाम पुन्हा बिलात घातलं.

"घ्या. मूळचा आकडा, जसाच्या तसा."

पडद्यावरच्या आकड्याला शेवटी थोडं शेपूट होतं. सासूबाईंनी चष्मा लावला. गीह्वानला काहीतरी सुचत होतं, पण तोंडातून शब्द फुटेपर्यंत उशीर झाला.

"वरचे सुटे तरी सोडा, मालक," सासूबाई म्हणाल्या.

प्योमालकांचा चेहरा इतका उजळला की बघवेना. खाली मान घालून लिहिलेल्या त्या बिलावर त्यांना अखेर काहीतरी सोडता आलं होतं. "हे काय सांगायला हवं?" म्हणत त्यांनी सुटे उडवले आणि त्याच झटक्यात बिल कंपनीकडे पाठवूनही दिलं.

संध्याकाळी त्या भल्या बाईचा फोन आला. आकडा पाचव्या हिश्शाच्या खाली होता, एका कप कॉफीइतका. तिनं स्वतः वरिष्ठांना विचारून पाहिलं होतं. प्रकरण बंद झालं होतं.

सासूबाईंनी त्या रात्री भाताला हात लावला नाही. सोल्बीनं समजूत घातली, गीह्वाननंही घातली, आणि ती घालताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. सकाळी त्या खाली गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, चूक माझी. दुकानाला माल आणायला गाडी लागतेच. त्या व्यापाऱ्याला कशाला देता? मीच घेते."

गीह्वानला एकदम भरून आलं. मनातल्या मनात त्यानं मोठी गाडी दारात उभीसुद्धा केली. घरातलाच व्यवहार म्हणून त्यानं संकोचत, अडखळत, अपघाताआधीची किंमत सांगितली.

सासूबाईंनी मान डोलावली. मग त्या हळूहळू गाडीला वळसा घालून मागे गेल्या, चष्मा लावला आणि मागच्या दारावर बोट ठेवलं.

"जरा इकडे उन्हात या," त्या म्हणाल्या. "फरक कळतो."