मोहुर्ले सरांचं ड्रॅट

मोहुर्ले सरांच्या तोंडून मी आजवर एकच शिवी ऐकली आहे. ड्रॅट. चहा सांडला, ड्रॅट. एसटी हुकली, ड्रॅट. आमच्या सिंदेवाहीकडे माणूस बैलाशीसुद्धा शिवीवाचून बोलत नाही. हे मात्र देवळातून चप्पल चोरीला गेली तरी पायरीवर अनवाणी उभे राहून हळूच म्हणाले, "ड्रॅट!"

बरं, शिवी देऊन थांबावं ना माणसानं! पण सर पडले इंग्रजीचे निवृत्त मास्तर. लगेच तिची वंशावळ सुरू.

"मूळ शब्द 'गॉड रॉट', भाऊ. म्हंजे देव तुले सडवो! पण देवाचं नाव घ्याचं भेव. म्हून गोऱ्या लोकायनं पुढचा 'गॉ' गिळला. 'रॉट'चं घासून घासून 'रॅट' झालं. उरलं ड्रॅट. शिवी तं देल्ली, पण लागली कोनालेच नाई!"

सर शेजारीच राहतात आणि रोज सकाळी पेपर वाचायला माझ्या ओसरीवर येतात. त्यामुळे ही वंशावळ मी दाढी करताना ऐकली आहे, तापात ऐकली आहे, सासऱ्यांच्या तेरवीलाही ऐकली आहे. थकलो, बाप्पा! एकदा हात जोडून म्हटलं, "सर, चवपालट म्हणून दुसरी एखादी घ्या ना."

"सगळ्या तपासल्या मी," सर म्हणाले. "हेच सर्वात गरीब हाय."

यंदा मोहफुलं पडायला लागली तेव्हा शिवारात वाघ फिरत होता. एकट्यानं जाऊ नका, अशी वनखात्याची दवंडीही झाली होती. तरी माझी बायको सुनंदा एके सकाळी टोपली घेऊन एकटीच बांधावर निघाली. फोनही घरीच. मी हाका मारल्या, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे बैलापासून लेकरापर्यंत सगळ्यांना देतात तीच शिवी तोंडात आली, "जाय मंग, वाघ खाओ..."

सरांनी पेपर टाकला आणि माझ्या तोंडावर हात दाबला.

"नको, भाऊ. लागते."

मग खाली बघत म्हणाले, "माह्या लहान भावाले म्हणलो होतो मी. परीक्षा सोडून मोह वेचाले चालला होता. म्हणलो, जाय, वाघ खाओ तुले. हासत हासत गेला. टोपली सापडली तेवढी." पडलेला पेपर उचलत म्हणाले, "इंग्रजी शिवी इथल्या वाघाले समजत नाई."

इतकी वर्षं मी या माणसाला कंटाळत होतो. मला माझीच लाज वाटली.

"गाडी काढ," सर म्हणाले.

मोटरसायकलवर मागे बसून सर सबंध रस्ताभर ओरडत होते, "सुनंदाबाई! ओ सुनंदाबाई!" त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सुनंदा झाडाखालीच होती. आम्हाला पाहून दचकून उभी राहिली. "काय झालं जी, सर? काऊन ओरडून राह्यले?"

सर तिच्या टोपलीजवळ खाली बसले, डोळे पुसले आणि मोह वेचू लागले.