डोहाळजेवणाला साहेब

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाला दिवस गेले, की बायका पेढा की बर्फी यावर पैजा लावतात. तळमजल्यावरच्या शोभाकाकू मात्र एकच विचारतात, "ऑफिसात लेखी दिलंस?" अभिनंदन त्यानंतर, तेही आठवलं तर.

प्रसूतीच्या रजेचा कायदा काकूंना तोंडपाठ आहे. सव्वीस आठवडे भरपगारी, तिसऱ्या मुलाला बारा, रजेवर असताना नोकरीवरून काढता येत नाही. हे त्या जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवात, कुठेही ऐकवतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही, हे सांगताना तर समोरच्या नवऱ्यावर अशा डाफरतात, जणू कायदा त्यानेच केलाय. समारोप ठरलेला: "रजा वेगळी, राजीनामा वेगळा. कळलं?"

मीही हे हसण्यावारी न्यायचे. मग मला दिवस गेले आणि ठाण्याच्या ऑफिसात साहेब गोड आवाजात म्हणाले, आता राजीनामा देऊन निवांत आराम करा, पुढचं पुढे बघू. नोकरी मला हवी होती. मी रडतच काकूंचं दार वाजवलं. ऐकताऐकता त्यांना असा काही हुरूप आला, की जणू घरात लग्नच निघालंय!

"डोहाळजेवणाला बोलव त्यांना," त्या म्हणाल्या.

बायकांच्या कार्यक्रमात पुरुष? सासूबाई हादरल्याच. पण काकूंनी स्वतः फोन करून आग्रहाचं आमंत्रण दिलं आणि साहेब बिचारे आले! फुलांचे दागिने घालून मी, शेजारच्या खुर्चीत ते, भोवती नुसत्या हिरव्या साड्या. काकूंनी त्यांना जिलबीवर जिलबी वाढली. मग सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, आमची पोर रजा संपली की परत येणार. तिची खुर्ची तिचीच ना?"

गाणी थांबली. खोलीभर बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. साहेबांनी जिलबी गिळली.

"तिचीच," ते म्हणाले. उद्याच रजेचा अर्ज द्या, असंही वर म्हणाले. मी फुलांच्या मुकुटासकट नाचायचीच बाकी होते!

पाहुणे पांगल्यावर काकूंना मिठी मारायला स्वयंपाकघरात गेले. त्या ओट्याला टेकून डोळे पुसत होत्या. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"मी टेलिफोन ऑपरेटर होते गं. पहिल्या खेपेला सगळे म्हणाले, सोड नोकरी. सोडली. रजा असते हे कळलं, तेव्हा मुलगा शाळेत जायला लागला होता."

त्यांनी पदर नीट केला.

"मला ते काम फार आवडायचं."